आर्गो फ्लोटची फाइल ‘आर’मध्ये कशी वाचावी

पुण्यात पावसावर प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी आधी पावसाचे आकडे गोळा करतात आणि कधी ना कधी अरबी समुद्रापर्यंत येऊन पोचतात. तिथे आर्गो फ्लोट, म्हणजे समुद्रात सोडलेली, आपोआप मोजणी करणारी तरंगती यंत्रं, कामी येतात. हे फ्लोट साधारण १००० मीटर खोलीवर वाहत राहतात. दर दहा दिवसांच्या आसपास ते २००० मीटरपर्यंत बुडी मारतात आणि वर येताना दाब, तापमान, क्षारता मोजून उपग्रहाकडे पाठवतात. भारतीय फ्लोटचा डेटा हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था सांभाळते. तो फुकट मिळतो.

फ्लोटच्या सात अंकी क्रमांकापुढे ‘प्रॉफ’ असं लिहिलेली फाइल उतरवून घ्या. तिच्यात त्या फ्लोटच्या सगळ्या फेऱ्या (एक बुडी म्हणजे एक फेरी) एकत्र असतात. ती नेटसीडीएफ (वैज्ञानिक आकडे साठवायच्या) प्रकारची असते, त्यामुळे एक्सेल किंवा नोटपॅडमध्ये उघडायच्या फंदात पडू नका, नुसता कचरा दिसेल.

आता ‘आर’ (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) सुरू करून दोन पॅकेजेस टाका: नेटसीडीएफ फाइल उघडायला ‘एनसीडीएफ४’ आणि समुद्राच्या डेटासाठी ‘ओसीई’. (कमांड अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या, इथे उच्चार दिलेत.) विंडोजवर हे बिनबोभाट होतं. उबुंटूवर मात्र आधी नेटसीडीएफची डेव्हलपमेंट लायब्ररी बसवावी लागते, नाहीतर लांबलचक एरर येतो.

वाचायला एकच ओळ पुरते: ‘रीड डॉट आर्गो’, कंसात फाइलचं नाव. तरी पहिल्यांदा ‘एनसी ओपन’ने फाइल उघडून आत काय आहे ते बघाच. तापमानासाठी ‘टेम्प’, ‘टेम्प क्यूसी’ आणि ‘टेम्प अ‍ॅडजस्टेड’ अशी वेगवेगळी नावं दिसतील. दाब आणि क्षारतेचंही तसंच. खरी गोम इथेच आहे.

‘टेम्प क्यूसी’ मागवलं की आकड्यांचा तक्ता येत नाही, प्रत्येक फेरीमागे एक अक्षरमाला येते: १११११४११. त्यातला एकेक अंक एकेका खोलीच्या मोजणीचा शेरा असतो. १ म्हणजे चांगली, २ म्हणजे बहुधा चांगली, ३ म्हणजे बहुधा वाईट, ४ म्हणजे वाईट. वरच्या मालेत सहावी मोजणी बाद. ही माला स्वतः फोडत बसण्यापेक्षा ‘ओसीई’कडे सोपवलेलं बरं. आधी ‘प्रिफर अ‍ॅडजस्टेड’ चालवा, म्हणजे जिथे दुरुस्त आकडे आहेत तिथे तेच घेतले जातील. मग ‘हँडल फ्लॅग्ज’ चालवा, वाईट शेऱ्याच्या मोजणीच्या जागी ‘एनए’ (म्हणजे आकडा नाही) येईल. ही पायरी गाळून काढलेल्या सरासरीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

फाइलमधला ‘डेटा मोड’ही तपासा, आकडे कितपत तपासलेले आहेत ते त्यात एका अक्षरात असतं. ‘आर’ (हे सॉफ्टवेअरचं नाव नव्हे, रिअल टाइमचं आद्याक्षर) म्हणजे आकडे यंत्राने केलेल्या तपासणीवरच आलेत. ‘डी’ म्हणजे नंतर तज्ज्ञांच्या नजरेखालून गेलेत. प्रबंधासाठी ‘डी’च घ्यावेत.

वेळेचं थोडक्यात सांगतो. कच्च्या फाइलमध्ये तारीख १ जानेवारी १९५० पासूनच्या दिवसांत असते आणि ‘आर’ स्वतःहून १९७० धरतो, म्हणून ‘ओरिजिन’ (मोजणी सुरू होण्याची तारीख) द्यायला विसरू नका. वेळ जागतिक असते, आपली हवी तर साडेपाच तास मिळवा.

मग आलेख काढा: आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर दाब, पण उभा अक्ष उलटा, २००० खाली आणि शून्य वर. दाब डेसिबारमध्ये असतो, म्हणजे ढोबळमानाने मीटरच. अरबी समुद्रात पृष्ठभागी बहुतेक वर्षभर २५ ते ३० अंश आणि २००० मीटरला तीनेक अंश दिसायला हवेत. क्षारता वरच्या थरात ३६ च्या आसपास. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात ती बरीच कमी भरते, कारण गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी. (आपल्या मुठेचं पाणीही भीमा-कृष्णेतून तिकडेच जातं, अरबी समुद्र जवळ असून.) कुठे ९९९९९ दिसलं तर ती मोजणी नाही, रिकामी जागा आहे.

सगळं जुळलं की चांगले आकडे सीएसव्हीत साठवा. फ्लोटचा क्रमांक, फेरीचा क्रमांक आणि शेरा हे तीन रकाने त्यात ठेवाच, गाइडचा पहिला प्रश्न त्यांच्यावरच येतो.