गाडीला अलार्म बसवताय? या चुका टाळा

अलार्म घेताना बहुतेक जण सायरन किती जोरात वाजतो ते आधी ऐकतात. खरं तर हे सगळ्यात शेवटी बघायचं. सायरन नुसता बोंब मारतो, गाडी जागेवर अडवतो तो इमोबिलायझर, म्हणजे इंजिन चालूच होऊ न देणारं उपकरण. बजेट कमी असेल तर पैसे इमोबिलायझरवर घाला.

तो नेमकं काय तोडतो हे विचारा. निदान दोन वेगळी सर्किट तोडणारा घ्या, एकच असेल तर एक वायर जोडून चोर मोकळा होतो. मात्र चालत्या गाडीत इंजिन अचानक बंद करणारं कनेक्शन अजिबात नको. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदतही दोन-तीन दाबांतच संपते. तोडायचं ते गाडी उभी असताना.

सगळ्यात जास्त घोळ फिटिंगमध्ये होतो. स्टिअरिंगखालचं पॅनेल काढून बघा. झिप टायला लोंबकळणारा डबा आणि त्यातून निघालेल्या रंगीत वायरी लगेच दिसल्या, तर चोरालाही त्या तितक्याच लवकर सापडतील. डबा आत खोल हवा आणि वायरिंगवर मूळ हार्नेससारखीच (गाडीच्या वायरींच्या जुडग्यासारखीच) टेप गुंडाळलेली हवी. वायर चिमटीत पकडणारे स्वस्त कनेक्टर पुढे सैल होतात, मग गाडी कधी चालू होते, कधी नाही. सोल्डर किंवा नीट क्रिम्प केलेले (दाबून घट्ट बसवलेले) जोडच मागा.

रिमोट स्टार्टची (लांबूनच बटणाने इंजिन चालू करण्याची) हौस असेल तर एक गोष्ट आधी विचारा. काही ठिकाणी त्यासाठी दुसरी किल्लीच डॅशबोर्डमागे लपवून ठेवतात, खरी किल्ली कायम गाडीतच राहते, म्हणजे कंपनीने दिलेला इमोबिलायझर तुम्ही स्वतःच निकामी केलात. माझ्या मते त्यापेक्षा रिमोट स्टार्ट नसलेलाच बरा.

फिक्स्ड कोडचा, म्हणजे दरवेळी तोच कोड पाठवणारा रिमोट घेऊच नका, त्याचा सिग्नल पकडून कॉपी करता येतो. दरवेळी बदलणारा रोलिंग कोड त्याहून बरा, पण तोही अभेद्य नाही. या कामासाठी खूप वापरली गेलेली कीलॉक पद्धत संशोधकांनी 2008 मध्ये फोडून दाखवली आहे. कीलेस गाडीत तर किल्लीचा सिग्नल लांबपर्यंत पोचवून दार उघडतात. तिथे वेगळा टॅग किंवा पिन मागणारा इमोबिलायझरच कामी येतो.

रात्री विनाकारण वाजतोय? आधी बॉनेटचा स्विच बघा, तो गंजतो. गाडीच्या आतली हालचाल टिपणारा अल्ट्रासोनिक सेन्सर असेल तर काच किंचितही उघडी राहू देऊ नका. धक्का ओळखणाऱ्या शॉक सेन्सरची संवेदनशीलता कमी करण्याची वेळ त्यानंतर येते. अलार्म बंद करूनही सायरन रडत असेल, तर त्याच्या आतली बॅकअप बॅटरी संपलेली असू शकते.

गाडीची बॅटरी उतरत असेल तर गाडी लॉक करून अर्धा तास थांबा आणि मल्टिमीटरने करंट मोजा. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारू नका. 50 मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसला तर अलार्मचा फ्यूज काढून पुन्हा बघा. नुसत्या 50 मिलिअँपिअरनेही दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात, म्हणजे 45 अँपिअर-तासांची बॅटरी उभ्या गाडीत तीन आठवड्यांच्या आतच अर्ध्यावर येते.

गाडी ताब्यात घेताना वायरिंगचा आराखडा आणि आणीबाणीचा पिन मागून घ्या, व्हॅले स्विच (अलार्म तात्पुरता बंद ठेवण्याचं बटण) कुठे आहे तेही बघून ठेवा. आणि कंपनीतून आलेला पिन तिथेच उभं राहून बदलून घ्या.