पहिल्या सत्रात मित्र कसे जोडावेत: पुण्यात नव्याने शिकायला आलेल्यांसाठी

पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या बहुतेक मेस रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे नेहमीपेक्षा खास जेवण, देतात आणि रविवारी संध्याकाळी बंद असतात. बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्याला आपल्या एकटेपणाची खरी जाणीव होते ती याच संध्याकाळी. इतर दिवशी ताट समोर येते, शेजारी कोणी ना कोणी जेवत असते आणि सगळे झाकून जाते. रविवारी मात्र जेवायला कोणाबरोबर जायचे, या साध्या प्रश्नाला उत्तर नसते. मी परभणीहून शिकायला आलो तेव्हा पहिले चार रविवार घरून आणलेल्या चिवड्यावर आणि बिस्किटांच्या पुड्यावर काढले. पाचव्या रविवारी कळले की शेजारच्या खोलीतला मुलगाही नेमके तेच करत होता. आमच्यामध्ये चार इंची भिंत होती, आणि या पलीकडच्याचे मित्र असणारच, त्याला आपली काय गरज, असे भिंतीच्या दोन्ही बाजूंना वाटत होते.

पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त नुकसान होते ते या गैरसमजाने. अनोळखी माणसाशी पहिल्यांदा बोलून झाल्यावर आपण समोरच्याला जितके आवडलो असे आपल्याला वाटते, त्यापेक्षा प्रत्यक्षात आपण त्याला अधिक आवडलेले असतो, असे अमेरिका आणि ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आढळले. म्हणजे बोलणे संपल्यावर ‘मी उगाच काहीतरी बडबडलो’ अशी जी रुखरुख लागते, तिच्यावर विश्वास ठेवू नये. समोरचाही आपल्या खोलीवर जाऊन तीच रुखरुख उगाळत बसलेला असतो.

त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी नव्या गावी राहायला गेलेली प्रौढ माणसे आणि नव्याने विद्यापीठात आलेले विद्यार्थी यांची मैत्री कशी वाढते, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला साधारण ५० तास, मित्र म्हणावे इतकी जवळीक व्हायला ९० तास आणि जिवाभावाच्या मैत्रीला २०० तासांहून अधिक सहवास लागतो, असा त्यांचा अंदाज आहे. त्यातली आपल्या उपयोगाची गोष्ट अशी की वर्गात किंवा कामाच्या ठिकाणी नाइलाजाने शेजारी बसून घालवलेल्या तासांचे वजन फारसे पडत नाही. जेवण, चहा, भटकंती, रिकामे बसणे यांचे पडते. त्यामुळे ‘दोन महिने झाले, अजून कोणी मित्र नाही’ असे म्हणणाऱ्याने स्वभावाला दोष देण्याआधी वहीच्या मागच्या पानावर तासांचा हिशेब मांडावा. वर्गाबाहेर एकाच माणसाबरोबर किती वेळ गेला? बहुतेकांचे उत्तर पाच-सहा तास असे निघते, आणि पाच तासांत मैत्री न होणे यात कोणाचाच दोष नाही.

म्हणून पहिली सूचना अशी की मित्र शोधत फिरू नये, जागा आणि वेळ ठरवावी. रोज वेगळ्या ठिकाणी चहा पिणारा माणूस वर्षभर गिऱ्हाईकच राहतो. तोच माणूस एकाच अमृततुल्यात, म्हणजे चहाच्या दुकानात, रोज साडेपाचला उभा राहू लागला, तर पंधरा दिवसांत त्याला तीन चेहरे ओळखू लागतात आणि महिन्याभरात त्यांच्यातला एखादा ‘काल दिसला नाहीत?’ असे विचारतो. गणेशखिंडीतील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात शिकणाऱ्यांना तर याची विशेष गरज आहे, कारण ४०० एकरांहून मोठ्या त्या आवारात दोन माणसे योगायोगाने पुन्हा भेटण्याची शक्यता फार कमी असते. तिथे जयकर ग्रंथालयाच्या वाचनकक्षात ठरलेली बैठक, कॅन्टीनमधली ठरलेली वेळ, असे काहीतरी नेमाने धरावे लागते. पेठांमधल्या अभ्यासिकांत बसणाऱ्यांचे हे आपोआप होते; शेजारच्या टेबलावरचा मुलगा कोणत्या वेळी चहाला उठतो हे त्यांना घड्याळाइतके पाठ असते. वर्गातही पहिले दोन आठवडे शक्यतो एकाच बाकाच्या आसपास बसावे.

दुसरी गोष्ट बोलण्याची. ‘कुठून आलास, कुठे राहतोस, बारावीला किती होते’ या तीन प्रश्नांवर पहिल्या आठवड्यातली सगळी संभाषणे सुरू होतात आणि तिथेच संपतात. यापेक्षा पुन्हा भेटावे लागेल असे काहीतरी मागावे किंवा द्यावे. बुडालेल्या तासाची वही मागितली की ती परत करावी लागते. आपल्याकडची वही झेरॉक्ससाठी दिली की ती घ्यायला जावे लागते. बोलावताना दिवस, वेळ आणि जागा तिन्ही सांगावे. ‘भेटू कधीतरी’ हे मराठीत निरोप घेण्याचे वाक्य आहे, आमंत्रण नव्हे. ‘शनिवारी संध्याकाळी पाचला अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके बघायला जाणार आहे, येतोस का?’ हे आमंत्रण झाले, आणि नकार मिळालाच तर तो त्या शनिवारला मिळतो, तुम्हाला नाही. (दुपारी एक ते चार या वेळेत पुण्यातली दुकाने काय करतात हे ठाऊक नसलेल्यांनी पाचचीच वेळ सांगावी.) दोनदा नकार आला तरी तिसऱ्यांदा विचारायला हरकत नाही, तिसऱ्या नकारानंतर मात्र तो माणूस सोडून द्यावा आणि मनात काही धरू नये.

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फार विसंबू नये. त्यावर वेळापत्रक, सुट्ट्या आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा उत्तम चालतात, पण ऐंशी जणांना उद्देशून लिहिलेला ‘कोणी येणार का?’ हा प्रश्न प्रत्येकाला दुसऱ्यासाठी आहे असे वाटते. तोच प्रश्न तिघांना वेगवेगळा विचारला तर एकजण तरी येतो.

तास जमवण्याची पुण्यातली साधने बरीच आहेत, आणि त्यातले एकच निवडून त्याला चिकटून राहणे, पाच ठिकाणी नाव नोंदवण्यापेक्षा चांगले. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. तीत स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचे असते आणि एखाद्या गावात सात दिवसांचे निवासी शिबिरही असते. हॉल यांच्या हिशेबात हे आकडे घालून पाहिले तर योजनेत गेलेल्यांची मैत्री इतकी घट्ट का असते, हे निराळे सांगावे लागत नाही. सात दिवस एकाच शाळेच्या पडवीत झोपलेली, बंधाऱ्याचे दगड हातोहात दिलेली आणि रात्री वीस माणसांच्या पिठल्यात मीठ कोणी दोनदा टाकले यावरून भांडलेली मुले परतीच्या बसमध्ये अनोळखी राहूच शकत नाहीत. कमवा व शिका योजनेतही असेच होते, शिवाय हातात थोडे पैसे येतात.

ढोल-ताशा पथकांचे सराव गणेशोत्सवाच्या आधी दीड-दोन महिने सुरू होतात, आणि नव्या विद्यार्थ्याचे पुण्यात येणे साधारण त्याच सुमारास घडते. रोज दोन तास, पाच आठवडे, एवढा सराव धरला तरी ७० तास होतात. ढोल कमरेला बांधताना दोरी ओढायला दुसरा माणूस लागतोच, पहिल्या आठवड्यात बोटांना फोड येतात तेव्हा पट्टी चिकटवायलाही लागतो, आणि सरावाच्या गजरात बोलणे शक्य नसल्यामुळे लाजऱ्या माणसाची तर मोठीच सोय होते. तिथे बोलण्याआधी सोबत होते आणि बोलणे मागून, वडापावच्या गाडीवर येते. कानांत बोळे मात्र घालावेत.

नाटकाची आवड असेल तर पुरुषोत्तम करंडक आहे. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेत आली आहे, आणि भरत नाट्य मंदिरात आपल्या संघासाठी ‘अरे आव्वाज कुणाचा’ म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलेला विद्यार्थी त्या महाविद्यालयात पुन्हा परका राहत नाही. अभिनय येत नसला तरी अडत नाही. नेपथ्याच्या चौकटी रंगवायला, वेशभूषेचे कपडे इस्त्री करायला, तालमीला चहा आणायला प्रत्येक संघाला माणसे हवी असतात, आणि माझ्या पाहण्यात पडद्यामागच्यांची मैत्री पडद्यापुढच्यांपेक्षा जास्त टिकते. त्यांच्यात भूमिकेवरून रुसवे होत नाहीत. ज्यांना यातले काहीच नको, त्यांनी सकाळची टेकडी धरावी. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मागची हनुमान टेकडी किंवा वेताळ टेकडी यांना पैसे लागत नाहीत. एखाद्या रविवारी स्वारगेटहून बसने पायथा गाठून आतकरवाडीतून सिंहगड चढला आणि वर पिठले-भाकरी खाल्ली, तर पूर्ण दिवस म्हणजे आठ-नऊ तास खात्यावर जमा होतात.

आता भाषेविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली अनेक मुले केवळ याच संकोचापायी गप्प बसतात. वर्गात कोणीतरी ‘मी येऊन राहिलो’ असे म्हणते, मागच्या बाकावर हसू फुटते, आणि ते मूल पुढचा महिनाभर तोंड उघडत नाही. मला एकदा वर्गातल्या एका पुणेकर मुलाने फोनवर विचारले, ‘काय करतोयस?’ मी आमच्याकडच्या सवयीने म्हणालो, ‘जेवायलोय.’ त्याने ते ‘जेवायला आलोय’ असे ऐकले आणि मला गाठायला तो मेसवर गेला. मी खोलीत डबा खात होतो; तो अर्धा तास मेसच्या पायरीवर चपलांच्या ढिगाशेजारी उभा राहिला, आणि मेसच्या काकूंनी त्याला ‘आत तरी ये, नाहीतर वाट तरी सोड’ असे दोनदा सुनावले. दुसऱ्या दिवशी त्याने हे सगळे मला रागाने सांगायला सुरुवात केली आणि मध्येच आम्ही दोघेही हसू लागलो. नंतर तो स्वतःच ‘चल, जेवायलोय मी’ म्हणू लागला. तेव्हा आपली बोली लपवू नये. हसणाऱ्यांत टर उडवणारे थोडे आणि मजा वाटलेले जास्त असतात, आणि दुसऱ्या प्रकारच्यांशी मैत्री होते.

संबोधनाचाही एक खुलासा करतो. पुण्यात एकाच वर्गातली मुले-मुली पहिल्या दिवसापासून एकमेकांना एकेरीत बोलतात. त्यात उद्धटपणा नसतो, आणि आपण ‘तुम्ही’ म्हणत राहिलो तर समोरच्याला उगाच अंतर वाटते. वरच्या वर्गातल्यांना सुरुवातीला दादा, ताई म्हणावे. ज्यांना नको असेल ते स्वतःच नावाने हाक मारायला सांगतात.

घरून येणाऱ्या पुणेकर विद्यार्थ्यांचा अबोलपणा मनाला लावून घेऊ नये. त्यांचे मित्र शाळेपासून ठरलेले असतात, तास संपताच ते दुचाकीला किक मारून निघून जातात, आणि रविवारच्या संध्याकाळचा प्रश्न त्यांना कधी पडलेलाच नसतो. त्यांना आपल्या मेसवर फीस्टला पाहुणा म्हणून बोलवावे. घरच्या जेवणाला सरावलेल्या मुलाला मेसच्या फीस्टचे भलते कौतुक असते, आणि उलट आमंत्रण आले की आपल्याला त्याच्या घरची आमटी मिळते.

पैशाच्या बाबतीत पहिल्यापासून टीटीएमएम, म्हणजे तुझे तू माझे मी, हे धोरण सांभाळावे. एकाने सर्वांचे बिल द्यावे आणि बाकीच्यांनी ‘नंतर देतो’ म्हणावे, यातून जितक्या ओळखी तुटल्या तितक्या भांडणातूनही नसतील. ज्याच्याकडे महिन्याला मोजके पैसे येतात त्याने तसे मोकळेपणाने सांगावे. वैशालीसारख्या हॉटेलात बसण्याऐवजी टपरीवर जाऊ असे म्हणताच अर्ध्या मंडळींना मनातून बरे वाटते.

मैत्रीच्या नावाखाली कोणी वरच्या वर्गातले अपमान करत असतील, पैसे मागत असतील किंवा नको ते करायला लावत असतील, तर ते रॅगिंग आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे आणि राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. एकटेपणा झोप आणि भूक बिघडवण्याइतका वाढला तर १४४१६ या टेलिमानस (मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मदतवाहिनी) क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

दिवाळीपर्यंत वर्गातले गट बहुतेक ठरून जातात, आणि तोवर कुठेच न बसलेल्याला आपली गाडी चुकली असे वाटू लागते. प्रत्यक्षात सुट्टीनंतरचा पहिला आठवडा ही दुसरी संधी असते, कारण बाहेरगावचे सगळेच घरून परतलेले असतात, सगळ्यांनाच करमत नसते आणि प्रत्येकाच्या पिशवीत फराळाचा डबा असतो. तो डबा खोलीत एकट्याने संपवू नये. परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, मेस बंद असते त्या संध्याकाळी, सात वाजता तो घेऊन शेजारच्या खोलीचे दार वाजवावे. चकल्या वरच्या थरात ठेवाव्यात, लाडवांखाली त्यांचा चुरा होतो.