जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींतील मीटर आणि उंच चालक : या चुका टाळा

जुन्या दोन आसनी स्पोर्ट्‌स मोटारीत उंच चालक कसाबसा बसतो, पाय पेडलपर्यंत नीट पोहोचतात, डोके छताला टेकत नाही, आणि मग रस्त्यावर आल्यावर लक्षात येते की वेगमापकाचा नेमका हवा तो भाग स्टीअरिंगच्या कड्याआड गेला आहे. यावर बहुतेक जण ताबडतोब लहान स्टीअरिंग विकत घेतात किंवा सीट खाली करण्याच्या मागे लागतात. हे दोन्ही उपाय कधी लागू पडतात, कधी पडत नाहीत, आणि का पडत नाहीत हे न कळल्यामुळे खर्च मात्र वाढत जातो. अडचण मुळात भूमितीची आहे. त्यामुळे पाना हातात घेण्यापूर्वी मोजपट्टी हातात घेणे आवश्यक आहे.

पहिली चूक म्हणजे एकूण उंचीवरून अंदाज बांधणे. मीटर दिसण्याशी संबंध असतो तो बसलेल्या स्थितीतील डोळ्यांच्या उंचीचा. लांब पायांचा चालक सीट मागे सरकवतो आणि त्याची अडचण बरीचशी सुटते. तेवढ्याच उंचीच्या, पण लांब धडाच्या चालकाची सुटत नाही. जॅग्वारने १९६१ मध्ये आणलेल्या ई-टाइपमध्ये १९६२ च्या सुरुवातीलाच पायांसाठी तळाचा पत्रा खोलगट करून दिला, कारण सुरुवातीच्या सपाट तळाच्या मोटारींत उंच चालकांचे पाय अवघडत होते. त्या बदलाने पायांना जागा मिळाली. डोळे, कडे आणि मीटरची तबकडी यांचे परस्पर स्थान मात्र अशा बदलाने हलत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आधी हिशेब, मग खरेदी

उदाहरणादाखल असे धरू की डोळे तबकडीच्या मध्यापेक्षा ३०० मिमी वर आहेत, डोळ्यांपासून स्टीअरिंगच्या कड्यापर्यंत आडवे अंतर ५०० मिमी आहे आणि कड्यापासून तबकडी आणखी २०० मिमी मागे आहे. डोळ्यांपासून तबकडीच्या मध्याकडे जाणारी दृष्टिरेषा कड्यापाशी येते तेव्हा ती तबकडीच्या मध्यापेक्षा सुमारे ८६ मिमी वर असते. कड्याचा वरचा भाग त्याच उंचीवर असेल, तर मीटर झाकले जाते. आता सीट २५ मिमी खाली केली, तर ही रेषा कड्यापाशी किती खाली येते? केवळ ७ मिमी, कारण डोळ्यांच्या हालचालीचा दोन सप्तमांश भागच तिथे पोहोचतो. उलट, कडे स्वतः १० मिमी वर उचलले, तर पूर्ण १० मिमीचा फायदा होतो. सीटवर एवढी मेहनत घेऊनही फरक का जाणवत नाही, याचे उत्तर या गुणोत्तरात आहे.

याच हिशेबातून कड्याच्या जाडीचेही महत्त्व कळते. वरील अंतरांत २० मिमी जाडीचे मूळ बारीक कडे तबकडीवर २८ मिमी रुंदीचा पट्टा झाकते, तर ३० मिमीचे कातडी वेष्टनाचे गुबगुबीत कडे ४२ मिमीचा. शंभर मिमी व्यासाच्या मीटरवर हा फरक डोळ्यांत भरतो. वाटते तेवढा हा भाग दोन डोळ्यांनी चुकवताही येत नाही. उभा आरा मध्ये आला तर एका डोळ्याला न दिसणारा भाग दुसऱ्याला दिसतो, पण कड्याचा वरचा भाग आडवा असल्यामुळे तो दोन्ही डोळ्यांना जवळजवळ सारखाच अडवतो. म्हणून हाताला चांगली पकड देणारे जाड वेष्टन चढवण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

लहान व्यासाचे स्टीअरिंग

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते इथे. सुमारे ४०० मिमीच्या मूळ स्टीअरिंगऐवजी ३५० मिमीचे बसवले की कड्याचा वरचा भाग साधारण २५ मिमी खाली येतो, आणि मांड्यांनाही तेवढीच जागा मिळते. मांड्यांचा फायदा खरा आहे. मीटरचे काय होईल, हे मात्र कडे आधी कुठे होते यावर ठरते. पूर्वी ते तबकडीचा वरचा तुकडा झाकत असेल, तर आता ते बरोबर मध्यावर येण्याची शक्यता मोठी असते. म्हणजे वरच्या भागातले आकडे कड्यावरून दिसू लागतात, पण काट्याचे मूळ आणि खालचा भाग दिसेनासा होतो. व्यास एवढा कमी करावा की संपूर्ण मीटर कड्याच्या वरून दिसेल, किंवा एवढा मोठा राहू द्यावा की ते कड्याच्या आतून दिसेल. यांमधला व्यास हा तडजोडीचा नव्हे, तर तोट्याचा असतो. शिवाय लहान कड्याने स्टीअरिंग जड होते, आणि पॉवर स्टीअरिंग नसलेली मोटार जागेवर उभी असताना चाके वळवताना ते खांद्यांना जाणवते.

खरेदीपूर्वीची चाचणी अगदी सोपी आहे. जाड पुठ्ठ्याचे इच्छित व्यासाचे आणि जाडीचे कडे कापून ते मूळ स्टीअरिंगच्या पातळीत चिकटपट्टीने बसवावे आणि नेहमीच्या बुटांसह, पट्टा लावून, नेहमीच्या बैठकीत पाहावे. मूळ कडे मध्ये येत असल्याने नजर एकेका तुकड्यावरून फिरवावी लागते, पण निर्णयापुरते उत्तर मिळते. मोबाइलने छायाचित्र घ्यायचे असल्यास तो हात लांब करून न धरता डोळ्याला लावूनच धरावा; अन्यथा चित्र मीटर दिसत असल्याची खोटी ग्वाही देते.

स्टीअरिंग चालकाकडे ओढणारा लांब बॉस (स्टीअरिंग आणि त्याचा दांडा यांना जोडणारा भाग) किंवा खोलगट आऱ्यांचे स्टीअरिंग हा उपायही सुचवला जातो. लांब हातांच्या चालकाला त्याने आराम मिळतो, यात शंका नाही. पण दृष्टीच्या बाबतीत त्याचा उपयोग बहुधा नगण्य असतो. कॉलम, म्हणजे स्टीअरिंगचा दांडा, २० अंशांनी कललेला असेल, तर ५० मिमी पुढे आलेले कडे सुमारे १७ मिमी वर जाते, आणि त्याच वेळी दृष्टिरेषाही त्या ठिकाणी सुमारे २० मिमी वर सरकते. दोन्ही बदल एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात.

कॉलमशी झटापट नको

कडे उचलणे सर्वांत परिणामकारक, हे वर आलेच. त्यामुळे कॉलमच्या डॅशबोर्डखालच्या पकडीत पॅकिंग (मध्ये घातलेल्या चकत्या) कमी-जास्त करण्याचा मोह होतो. पॅकिंगच्या जाडीत मूळ रचनेने मुभा दिली असेल तेवढाच बदल करावा. एमजीबी या जुन्या ब्रिटिश मोटारीसारख्या मोटारीत कॉलम आणि रॅक (चाके वळवणारा दातेरी दांडा) यांची जुळणी काटेकोर असावी लागते. ती बिघडली की त्यांना जोडणारा युनिव्हर्सल जॉइंट लवकर झिजतो आणि स्टीअरिंग एका ठिकाणी अडखळू लागते. बदलानंतर पुढची चाके जमिनीपासून उचलून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे; प्रतिकार सगळीकडे सारखा हवा. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून लागू झालेल्या सुरक्षा मानकांनंतर अनेक मोटारींत धडकेच्या वेळी आत दबणारे कॉलम आले. अशा कॉलमवर हातोडा चालवणे, त्याला छिद्र पाडणे किंवा वेल्डिंग करणे पूर्णपणे वर्ज्य आहे.

आरे वाकडे दिसतात म्हणून स्टीअरिंग काढून खाचांवर एक-दोन दात सरकवून बसवण्याची युक्तीही टाळावी. चाके सरळ असताना रॅक मध्यावर आहे का, हे आधी तपासावे. नसेल तर दुरुस्ती रॅक आणि चाके यांना जोडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या टाय रॉडवर करायची असते. अन्यथा इंडिकेटर आपोआप बंद होण्याची यंत्रणा एका बाजूला लवकर आणि दुसऱ्या बाजूला उशिरा काम करू लागते.

सीट

सीट खाली करण्याने मीटरचा प्रश्न थोडाच सुटतो, तरी काचेच्या वरच्या चौकटीआड रस्ता जात असेल तर ते करावेच लागते. मात्र आधी फोम तपासावा. जुने रबरी पट्टे आणि दबलेला फोम बदलून सीट नव्याने मढवली की चालक पूर्वीपेक्षा बराच उंच बसतो, आणि मीटर दिसेनासे होण्याची सुरुवात अनेकदा या देखण्या कामापासून झालेली असते. नवा फोम कापून पातळ करता येतो. पण मांडीखालचा पुढचा उंचवटा ठेवून मागचा भाग कापावा, नाहीतर शरीर पुढे घसरते.

एमजीबीत सीटच्या रुळांखाली लाकडी पट्ट्या असतात. त्या काढल्यावर जुनेच लांब बोल्ट वापरले, तर ते सीट घट्ट आवळण्याआधीच अडतात किंवा तळाखाली नको तेवढे बाहेर येतात. गंजलेल्या पत्र्यात नवी छिद्रे पाडून केवळ वॉशरच्या भरवशावर सीट बसवणे तर धोकादायकच आहे. खालून भार पसरवणारी जाड पट्टी हवी.

पाठ थोडी मागे कलवणे हा मात्र दुर्लक्षित उपाय आहे. पाठ ५ अंशांनी अधिक कलली की डोळे साधारण २० ते २५ मिमी खाली आणि ५० ते ६० मिमी मागे जातात, आणि आपल्या उदाहरणात दृष्टिरेषा कड्यापाशी सुमारे १२ मिमी उतरते. मान सरळ ठेवली जात असल्याने प्रत्यक्ष फरक थोडा कमी पडतो, तरीही सीट २५ मिमी खाली करण्यापेक्षा तो जास्तच असतो. मात्र कमरेचा पट्टा ओटीपोटावर सरकेल किंवा हात पूर्ण ताठ होतील इतकी पाठ कलवू नये.

मीटर हलवताना

मीटरमागे पाचर घालून त्याचा तोंडवळा वर वळवला की आकडे सरळ दिसतात. पण कड्याआड असलेले मीटर कड्याआडच राहते. त्याऐवजी मीटर आपल्या जागी फिरवून बसवण्याची शर्यतीच्या मोटारींतील जुनी पद्धत अधिक उपयोगी आहे. इंजिनाच्या फेऱ्यांची लाल मर्यादा दिसणाऱ्या भागात आणली की बाकीचे आकडे तिरके असले तरी काम भागते. पोर्शे ९११ च्या पाच मीटरांपैकी फेऱ्यांचे मोठे मीटर मध्यभागी आहे आणि कड्याआड बहुधा कडेची मीटर जातात. कोणते मीटर सतत दिसायला हवे आणि कोणते मान वाकवून पाहिले तरी चालेल, याचा क्रम ठरवला की निम्मे काम हलके होते. तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान यांसाठी तर नजरेच्या टप्प्यात एक इशारा-दिवा लावणे मला मीटर हलवण्यापेक्षा शहाणपणाचे वाटते.

हलवायचेच असल्यास वेगमापकाची केबल १५० मिमीपेक्षा कमी त्रिज्येत वळवू नये. अन्यथा काटा थरथरतो. तापमापकाची बारीक नळी कापून वाढवता येत नाही, आणि ती दुमडली तर मीटर निकामी होते. अँपिअर मीटरच्या जाड तारेला बारीक तार जोडणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे. काम झाल्यावर इंधन आणि तापमान ही दोन्ही मीटर एकदम जास्त दाखवू लागली, तर मीटर बदलू नयेत; डॅशबोर्डमागच्या व्होल्टेज स्थिरकाचे अर्थिंग (मोटारीच्या पत्र्याशी असलेली जोडणी) सुटले आहे का, ते पाहावे.

अंधुक मीटर की चुकीची नजर?

रात्री मीटर अंधुक दिसतात म्हणून सरसकट एलईडी बसवले जातात. त्याआधी काळवंडलेले बल्ब, त्यांचे अर्थिंग आणि प्रकाश कमी-जास्त करणारे बटण साफ करून पाहावे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या अनेक ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक अर्थला जोडलेले असल्याने सामान्य एलईडी तिथे उलटे पडतात. चार्जिंगच्या लाल दिव्याच्या जागी एलईडी बसवल्यास काही अल्टरनेटर चार्ज करणेच सुरू करत नाहीत, कारण त्यांना सुरुवातीचा प्रवाह त्या बल्बातूनच मिळतो.

उंच चालकाला वरून पाहावे लागते, त्याचा आणखी एक परिणाम असतो. काटा तबकडीच्या थोडा पुढे असल्याने तो वरून पाहताना आहे त्यापेक्षा खाली भासतो. काटा डाव्या बाजूला आडवा असेल तर वेग कमी वाटतो आणि उजव्या बाजूला असेल तर जास्त. काटा सरळ वर असताना ही चूक जवळजवळ नाहीशी होते.

दूरचे आणि वाचनाचे असे दोन्ही भाग असलेला चष्मा वापरणाऱ्या चालकाने तर डॅशबोर्डला हात लावण्यापूर्वी भिंगे तपासावीत. तीव्र कोनात खाली पाहताना नजर भिंगाच्या वाचनाच्या भागातून जाते, आणि तो भाग साधारण ४०० मिमी अंतरासाठी बनवलेला असतो, तर तबकडी ७०० ते ८०० मिमी दूर असते. चालकाने नेहमीच्या बैठकीत डोळ्यांपासून तबकडीपर्यंतचे अंतर मोजून घ्यावे आणि चष्मा करवताना ते सांगावे, म्हणजे खालचा भाग त्याच अंतरासाठी असलेली बायफोकल भिंगे बनवून मिळतात.