ताडोबाला जाताय? तांदळाची पिशवी घ्या

ताडोबा हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाघ दिसला आणि फोटो मात्र एकजात हललेले आले. घरी परत आल्यावर कळलं, पहाटेच्या अंधुक उजेडात शटरचा वेग १/६० सेकंदावर राहिला होता. वाघ चालत होता, माझे हात थरथरत होते, आणि चालकाने जिप्सीचं इंजिन बंदच केलं नव्हतं.

तेव्हापासून कॅमेरा स्थिर टेकवायला एक जुगाड करतो. जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्याखाली कापायचा, एक तोंड शिवायचं, दोनेक किलो तांदूळ भरायचे आणि दुसरं तोंडही शिवून टाकायचं. पूर्ण ठासून भरू नका, थोडी ढिली हवी, म्हणजे जिप्सीच्या दांड्यावर नीट बसते आणि लेन्स तिच्यात रुतते. उघड्या जिप्सीत तिपाई उभी करायला जागाच नसते. विमानाने जाणार असाल तर पिशवी रिकामी न्या, तांदूळ चंद्रपुरात मिळतातच.

शटर १/५०० च्या खाली नको, त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, बिनधास्त वाढवा. फोटोत थोडे रवाळ ठिपके दिसले तरी चालतात, हललेला डोळा चालत नाही. इंजिन बंद करायला आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी कोणी ऐकत नाही. लेन्स शक्यतो आत बदलू नका. उन्हाळ्यातली ती लाल धूळ सेन्सरवर बसली की कटकट.

वाघ नाही दिसला तर? रानकुत्री, अस्वल, मोहाखाली चरणारी चितळं. मला तर आता तीच जास्त आवडतात.