गड्डा उरकला, आता शार्दोनेकडं बघा (स्पार्कलिंग वाईनचा माल गोड व्हायच्या आत काढायचाय)

नमस्कार मंडळी, सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा झाली, संक्रांतीचे तिळगूळ संपले, गावोगावी हुरड्याच्या आगट्या पेटल्यात आणि ज्यांनी सप्टेंबरअखेर नाहीतर ऑक्टोबरच्या सुरवातीला गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) घेतली त्यांच्या शार्दोनेच्या (वाईनच्या पांढऱ्या द्राक्षाच्या) मण्यात पाणी उतरून मणी मऊ पडायला लागलेत. आता पुढचे पंधरा-वीस दिवस लक्ष दिलं नाही तर वर्षाचं काम वाया, म्हणून हे लिहायला बसलो.

आपल्या सोलापूरकडच्या माणसाची अडचण काय, तर आपला हात बसलाय थॉमसन, सोनाका या खायच्या आणि बेदाण्याच्या द्राक्षांवर. गोडी भरल्याशिवाय मालाला कात्री लावायची नाही आणि बेदाण्याला टाकायचा तर बावीस-चोवीस ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) थांबायचं, हे अंगात भिनलंय. स्पार्कलिंगचा, म्हणजे शॅम्पेनसारख्या फेसाळ वाईनचा, माल याच्या बरोबर उलटा. तिथं वायनरीला तुमच्याकडनं आंबटपणा पाहिजे, साखर बेताची चालते. हुरडा कसा दाणा दुधात असतानाच काढतो, चार दिवस उशीर केला की त्याची ज्वारी होते आणि मग कुणी आगटीवर बसत नाही, तसंच हे. शार्दोनेची साधी वाईन करायची असेल तर बावीसच्या पुढं जाऊद्या, पण स्पार्कलिंगला साधारण 17 ते 19 ब्रिक्स, आम्लता लिटरला 8 ते 10 ग्रॅम आणि पीएच (जितका कमी तितका रस आंबट) 3 ते 3.2 च्या आसपास, यातच माल निघाला पाहिजे. म्हणून करार करतानाच विचारून घ्या की माल कशाला जाणार. आणि दर नुसत्या ब्रिक्सवर लावलाय का ते पण बघा, कारण तसं असेल तर वायनरीला आंबट पाहिजे आणि तुम्हाला पैसे गोडाचे, हे गणित जमत नाही.

आंबट कशाला ते थोडक्यात सांगतो. 18 ब्रिक्सच्या रसाची आधी साधी वाईन होते, दहा-साडेदहा टक्के अल्कोहोलची, पिऊन बघितली तर तोंड वाकडं होईल अशी. ती बाटलीत भरताना लिटरला साधारण 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालतात आणि बिअरच्या बाटलीला असतं तसलं पत्र्याचं बूच लावतात. बाटलीत परत आंबवण होतं, गॅसला बाहेर जायला वाट नसते, तो वाईनमध्येच मुरतो. दाब होतो सहा बारच्या आसपास, म्हणजे 85-90 पीएसआय, कारच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट (घरी जुन्या बाटल्यांत प्रयोग करू नका राव, बाटली फुटली की काच डोळ्यात जाते, शिवाय लायसनशिवाय वाईन करणं गुन्हा आहे ते वेगळंच). मग त्या बाटल्या मेलेल्या यीस्टच्या गाळावर महिनोन् महिने आडव्या पडून राहतात, फ्रान्समध्ये शॅम्पेनला तर भरल्यापासून किमान 15 महिने ठेवायचा नियमच आहे, आणि त्या मुरण्यातनं बेकरीसमोरनं जाताना येतो तसा ताज्या पावाचा वास येतो. शेवटी बाटली हळूहळू फिरवत उलटी करतात, गाळ तोंडाशी आणतात, तेवढं तोंड गोठवून गाळाचा गोळा उडवतात आणि थोडी गोड वाईन घालून कॉर्क मारतात. लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर राहिली तर ती ब्रूट, म्हणजे गोड नसलेली. एवढ्या सगळ्या खटपटीत वाईन ताजी राहते ती आंबटपणामुळं. शार्दोनेचा लिंबासारखा, हिरव्या सफरचंदासारखा स्वाद त्याच्याच जोरावर टिकतो. नुसत्या शार्दोनेपासून केली तर तिला ब्लां द ब्लां म्हणतात, पांढऱ्या द्राक्षाची पांढरी.

आता आपल्या उन्हाचा प्रश्न. मण्यात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक, त्यातलं मॅलिक उष्णतेनं जळतं. सध्या रात्री गार आहेत तोवर ठीक, फेब्रुवारीत ऊन तापलं की ब्रिक्स वर पळतो आणि आंबटपणा खाली येतो, दोन्ही एकदमच. म्हणून पानं ओरबाडू नका. दक्षिणोत्तर ओळी असतील तर पूर्वेच्या बाजूची चार पानं काढा, हवा खेळेल, पण पश्चिमेची सावली राहूद्या, तिकडं मणी भाजला की रसात कडवटपणा येतो. पाणी एकदम तोडू नका, माफक चालू ठेवा. आणि पोटॅशची हौस आवरा, टेबल ग्रेपला (खायच्या द्राक्षाला) शेवटी सोडतो तसं इथं सोडलं तर पीएच चढतो. गंधकाची फवारणी केव्हा बंद करायची ते वायनरीच्या कागदात असतं, ते पाळा, नाहीतर आंबवताना सडक्या अंड्याचा वास येतो. शार्दोनेचा घड गच्च आणि साल पातळ, आत एक मणी कुजला की शेजारचे चार जातात, त्यामुळं घड हातात घेऊन पाठीमागनं पण बघायचा. आणि भोरड्या (द्राक्षं खाणारी पाखरं) आल्यात, नेट लावलं नसेल तर आजच लावा, त्यांना 17 ब्रिक्स पण चालतो.

नमुना घेताना आपण एक चूक हमखास करतो, पिवळा दिसेल तो मणी तोडतो. तसं नाही. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरचा-मधला-खालचा असे शंभरेक मणी, चव न बघता, सकाळी सकाळी. पिशवीत चुरडायचे, गाळायचे आणि मग ब्रिक्स मीटर. 15 ब्रिक्स झाला की तीन दिवसाआड, 16 नंतर रोज. पीएच मीटर आधी बफरला (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाला) लावून घ्या, आमचा एकदा चुकीचा दाखवत होता आणि मी दोन दिवस निवांत बसलो होतो.

काढणी पहाटे चारला, डोक्याला बॅटरी लावून, ऊन चढायच्या आत शेवटचा क्रेट सावलीत. मी पहिल्या वर्षी शहाणपणा केला, पिकअप नऊला सांगितली, ती आली साडेअकराला, तोवर क्रेट बांधावर उन्हात आणि ते पण शिगोशिग भरलेले, एकावर एक. वायनरीवर खालचा क्रेट उचलला तर तळाशी चहासारखा रस साठलेला. त्या लॉटला स्पार्कलिंगचा दर मिळाला नाही आणि मला बोलायला तोंड नव्हतं. स्पार्कलिंगला घड देठासकट अख्खा प्रेसमध्ये जातो, हळूहळू दाबून फक्त पहिला स्वच्छ रस घेतात, त्यामुळं मणी फुटला की तिथंच नुकसान. क्रेटला 15 किलोच्या वर भरू नका, काठाखाली चार बोटं जागा सोडा, पानं नकोत, कुजके मणी बागेतच काढा.

मागनं आलेल्या फुटीचे छोटे घड याच्यात मिसळू नका, ते हिरवेकच्च असतात, वेगळा क्रेट करा आणि वायनरीला विचारूनच पाठवा. माल गेल्यावर बागेचं पाणी लगेच बंद करायची घाई नको, एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत (फळानंतरच्या छाटणीपर्यंत) पानं हिरवी राहिली तर ओलांड्यात (वेलीच्या आडव्या फांदीत) अन्नसाठा होतो. यावेळी पिकअपवाल्याला मी पहाटे पाचलाच बोलावलंय, डिझेलचे पैसे आदल्या रात्री देऊन.