रेस्क्यूमधल्या घारीला औषधंच लागू पडेनाशी होऊ नयेत म्हणून काय करायचं

मांज्यानं कापलेल्या घारी संक्रांतीला रेस्क्यू सेंटरवर यायला लागल्या की मला जखमेपेक्षा जास्त धास्ती वाटते ती तिथे राहून होणाऱ्या इन्फेक्शनची, कारण काही जंतू नेहमीच्या अँटिबायोटिक्सना अजिबात जुमानत नाहीत. हे व्हॉलंटियर मंडळींसाठी लिहितेय. घरीच घार ठेवून उपचार चालले असतील तर ते थांबवा, 1972 च्या वन्यजीव कायद्यात ते चालत नाही, वनविभागाला 1926 वर फोन लावा.

आधी खाण्याचं बघा. घारीला कच्चं चिकन घालतो आणि पोल्ट्रीत अँटिबायोटिक्स सर्रास वापरतात, कोलिस्टिनसारखं अगदी शेवटी राखून ठेवायचं औषधसुद्धा कोंबड्यांना देत होते, त्यावर 2019 मध्ये बंदी आली. त्यामुळे रेझिस्टंट, म्हणजे औषधांना न जुमानणारे, ई. कोलाय, साल्मोनेला असे जंतू मांसाबरोबर सरळ पक्ष्याच्या पोटात जाऊ शकतात. फ्रीझरमध्ये ठेवलं की जंतू मेले असं नसतं, त्यांची वाढ तेवढी थांबते. आणि शिजवून घालू म्हणाल तर शिजलेली हाडं टोकदार फुटतात. म्हणून आतडी काढून टाका, मांस फ्रिजमध्येच वितळू द्या, ओट्यावर रात्रभर नको, वितळलेलं परत गोठवू नका आणि उरलेले तुकडे लगेच उचला, उन्हाळ्यात तर वाटच बघू नका.

पिंजऱ्यात शिट आणि ओकलेल्या पिसा-हाडांच्या गोळ्या तशाच ठेवून ब्लीच ओतलं तर त्याची निम्मी ताकद त्या घाणीतच जाते. पक्ष्याला आधी दुसरीकडे हलवा, मग खरवडा, साबणानं घासून धुवा, त्यानंतर ब्लीचचं पाणी दहा मिनिटं राहू द्या, परत धुवा, पूर्ण वाळवा. ब्लीचमध्ये टॉयलेटचं ॲसिड कधीच नको, विषारी गॅस होतो. कामाला सुरुवात धडधाकट पक्ष्यांपासून करा, आजारी आणि नवीन आलेले शेवटी, आणि ग्लोव्हज प्रत्येक पिंजऱ्याला बदला.

औषधाचं म्हणाल तर व्हेटला (जनावरांच्या डॉक्टरांना) सांगून पहिला डोस जायच्या आधी स्वॅब, म्हणजे जखमेतला नमुना, घ्यायला लावा, नंतर घेतलं तर कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात त्यात, जंतू नीट येत नाहीत. इमर्जन्सीत व्हेट रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात ते ठीकच, पण रिपोर्ट आला की बदलता येतं. मागच्या पक्ष्याच्या उरलेल्या गोळ्या नवीन पक्ष्याला कृपा करून देऊ नका, आणि घार खायला लागली म्हणून स्वतःच्या मनानं औषध बंदही करू नका.

खरं तर औषधाची वेळच येऊ नये यासाठी पायाकडे लक्ष हवं, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही. गुळगुळीत पाइपवर दिवसभर बसून राहिलं की तळव्यावरची खरबरीत कातडी सपाट होते, गुलाबी चकचकीत दिसायला लागते. हा बंबलफूट, म्हणजे तळव्याचा आजार, सुरुवातीचाच. पुढे कातडी फाटून स्टॅफिलोकॉकस हा जंतू आत गेला की आत घट्ट पू धरतो, तिथे औषध नीट पोचत नाही, मग कोर्सवर कोर्स होतात आणि रेझिस्टन्सला वाव मिळतो. वेगवेगळ्या जाडीचे दांडे लावा, त्यांवर कृत्रिम गवताची मॅट गुंडाळा, आणि वजन करायला घार हातात घेतलीच आहे तर दोन्ही तळवे उलटून बघा.