सणावारात मोडलेला व्यायामाचा नेम पुन्हा कसा धरावा

वजन कमी करण्याचा संकल्प आपल्याकडे साधारणपणे जानेवारीत किंवा गुढीपाडव्याला केला जातो, पण त्यानंतरचे वर्ष त्या संकल्पाच्या सोयीने चालत नाही. मे महिन्यात आमरस आणि लग्नाच्या पंगती असतात, पाऊस लागला की सकाळचे फिरणे बंद पडते, श्रावणात उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी आठवड्यातून दोनदा पानात येते, मग गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळीचा फराळ, आणि तुळशीचे लग्न लागले की पुन्हा लग्नसराई. हा क्रम डोळ्यांसमोर ठेवला तर बारा महिने अखंड चालेल अशी योजना आखणे हीच मुळात चूक आहे, हे लक्षात येते. खंड पडणार हे धरूनच चालावे. विचार करायचा तो खंड किती लांबतो याचा. चार-सहा किलो वजन उतरवून मध्येच थांबलेल्या आणि आता वजनकाट्यावर उभे राहायचेही टाळणाऱ्या वाचकांसाठी हा मजकूर आहे.

काट्यावरचा आकडा आधी नीट वाचावा

सण आटोपल्यावर काटा दोन किलो जास्त दाखवतो आणि तीन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली असे वाटते. प्रत्यक्षात त्या दोन किलोंत बरेचसे पाणीच असते. आपले शरीर यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपाने पिष्टमय अन्नाचा साठा करते. प्रौढ माणसात तो सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. खाणे मोजके असताना हा साठा उतरलेला असतो; पोळी, भात आणि गोडधोड वाढले की तो पुन्हा भरतो, आणि चिवडा, शेव, पापड यांतील मिठामुळे आणखी पाणी अंगात राहते. उलट बाजूने हिशेब करून पाहावा. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. म्हणजे चार दिवसांत दोन किलो निव्वळ चरबी वाढायची असेल, तर रोजच्या गरजेवर दिवसाला जवळजवळ ३,८५० किलोकॅलरी जास्तीच्या पोटात जायला हव्यात; पुरणपोळीवर तुपाची धार कितीही सैल सोडली तरी हे सहसा जमत नाही.

म्हणून सणानंतर नेहमीचे जेवण सुरू करून एक आठवडा थांबावे आणि मगच वजन पाहावे. ते सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहापूर्वी, त्याच काट्यावर आणि घट्ट फरशीवर करावे. रोज वजन करणाऱ्यांनी एका दिवसाच्या आकड्यावरून खूश किंवा नाराज न होता आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याशी ताडून पाहावी. स्त्रियांच्या बाबतीत पाळीच्या आधीच्या दिवसांत पाणी साठून वजन वाढलेले दिसते, त्यामुळे मागच्या महिन्यातील त्याच दिवसांशी तुलना करणे अधिक योग्य ठरते. याच कारणाने पहिल्या आठवड्यात झरझर उतरलेल्या वजनावरही फार विसंबू नये. त्यातही पाण्याचाच वाटा मोठा असतो, आणि तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावला की निष्कारण निराशा पदरी येते.

सोमवारची वाट पाहू नये

खंड लांबतो तो एका विशिष्ट विचारामुळे: ‘आता मोडलेच आहे, तर हा आठवडा जाऊ दे, सोमवारपासून बघू.’ हा केवळ आळस नव्हे. हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींना आधी मिल्कशेक दिला आणि नंतर चव पाहण्याच्या निमित्ताने हवे तेवढे आइस्क्रीम खाऊ दिले. एरवी खाण्यावर ताबा न ठेवणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले, पण खाण्यावर सतत बंधन घालणाऱ्यांनी ते उलट जास्त खाल्ले. नियम एकदा मोडला की उरलेला दिवस हिशेबाबाहेर गेला, असे मन ठरवून टाकते. नुकसान होते ते पहिल्या करंजीने नव्हे, तिच्यामागून येणाऱ्या ‘आता काय उरले’ या भावनेने.

यावरचा दिलासाही संशोधनातच आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी १२ आठवडे तपासल्या. नवी कृती अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस पुरतील तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मध्यक, म्हणजे सर्व आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ६६ दिवसांचा होता. त्याहून महत्त्वाचे निरीक्षण असे, की एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेला म्हणण्यासारखा धक्का बसला नाही. तेव्हा ‘२१ दिवसांत सवय’ लावून देण्याची जाहिरात पाहून स्वतःला नापास ठरवण्याचे कारण नाही. नियम एवढाच ठेवावा, की चुकले तर दुरुस्ती पुढच्या जेवणापासून करावी. दुपारी पंगतीत जिलबी झाली असेल, तर रात्री मुगाची खिचडी, कोशिंबीर आणि ताक असे साधे जेवण घ्यावे, आणि विषय संपवावा.

दुरुस्ती आणि शिक्षा यांत मात्र गल्लत करू नये. दुसऱ्या दिवशी कडक उपास करणे किंवा दोन तास धावणे हे प्रायश्चित्त फार काळ टिकत नाही; ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीझ यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना २४ आठवडे जवळपास निम्म्या आहारावर ठेवले होते. त्या तरुणांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, पण त्याबरोबर शरीराचा ऊर्जाखर्चही खाली गेला, ते मरगळले, चिडचिडे झाले आणि दिवसरात्र त्यांच्या मनात अन्नाखेरीज दुसरे काही राहिले नाही. इतकी टोकाची कपात घरी कोणी करत नसले, तरी उपासमारीच्या वाटेने गेल्यावर मन कुठे पोहोचते ते यातून दिसते.

परतीचा पहिला आठवडा निम्म्यावर ठेवावा

दोन-तीन आठवडे व्यायाम थांबला तर दमसास थोडा घटतो, पण स्नायूंची ताकद तीन-चार आठवडे बऱ्यापैकी टिकून राहते. आणि गेलेली ताकद परत मिळवायला पहिल्या वेळेपेक्षा कमी दिवस लागतात. तरीही जिथे सोडले तिथूनच सुरू करण्याचा मोह आवरावा. पहिल्याच दिवशी जुन्या वजनाचे डंबेल उचलले, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग इतके ठणकते की जिना उतरताना कठड्याला धरावे लागते, आणि नेम पुन्हा मोडायला सबळ निमित्त मिळते. म्हणून पहिल्या आठवड्यात वेळ आणि जोर दोन्ही निम्मे ठेवावेत.

घरच्या घरी करायचा एक पुरेसा क्रम असा. भिंतीला टेकवलेली, चाके नसलेली खुर्ची घ्यावी. पावले खांद्यांइतकी रुंद ठेवून, हात छातीशी घेऊन, मनात तीन आकडे मोजत सावकाश बसावे आणि हातांचा आधार न घेता उठावे. असे आठ-दहा वेळा झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा तेवढेच करावे. गुडघे आत वळत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवावी. त्यानंतर भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून, तळवे भिंतीवर टेकवून, कोपरांत वाकत छाती भिंतीकडे न्यावी आणि परत यावे. हेही आठ-दहा वेळा. यासोबत दहा मिनिटे सलग चालावे. पाऊस असेल तर सोसायटीचे पार्किंग, जिना किंवा घरातला व्हरांडाही चालतो. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी बाराचा आग्रह न धरता तीन-चारांनी सुरुवात करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. तिथपर्यंत चार-पाच आठवड्यांत हळूहळू पोहोचता येते. डेंग्यू, चिकुनगुन्या किंवा मोठ्या तापानंतर परतत असाल, तर सुरुवात कधी करायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

काटा अडकतो तेव्हा

सणाच्या खंडापेक्षा चिवट अडचण म्हणजे सर्व काही नियमाने चालू असताना वजन हलायचे थांबणे. याला एकच कारण नसते. हलके झालेले शरीर चालायला-उठायलाही कमी ऊर्जा वापरते, कमी खाणारा माणूस नकळत कमी हालचाल करतो, आणि सुरुवातीला मोजून-मापून घेतलेले पदार्थ दोन महिन्यांत पुन्हा अंदाजाने पडू लागतात. शेवटच्या कारणावर लगेच इलाज करता येतो. चहाचा एक चमचा तेल म्हणजे सुमारे ४० किलोकॅलरी, आणि दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेतला तर नुसत्या साखरेच्या दीडशेच्या आसपास होतात. मूठभर शेंगदाणे पौष्टिक खरे, पण ३० ग्रॅमचे सुमारे १७० किलोकॅलरी धरावे लागतात. तीन दिवस, त्यात एक रविवार धरून, जे तोंडात जाते ते सर्व लिहून काढावे. फोडणीचे तेल बाटलीतून थेट न ओतता चमच्याने घालावे. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडते. त्याचबरोबर ताटातला पोळी-भाताचा वाटा थोडा कमी करून उसळ, पिठले, दही, अंडी किंवा मासे वाढवावेत, कारण प्रथिनांनी पोट अधिक वेळ भरलेले राहते आणि वजन उतरताना स्नायूंची झीजही आटोक्यात राहते.

काटा अडकला असताना दुसरे माप हाताशी असणे फार उपयोगी पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे शेजारी-शेजारी छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३, पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के. भारतीय शरीरात चरबी किती आणि कुठे आहे हे नुसत्या किलोंवरून कळत नाही, याचा इतका सुटसुटीत दाखला दुसरा नसेल. म्हणून दर पंधरा दिवसांनी कंबर मोजावी. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, कपड्यावरून नव्हे तर अंगावर टेप धरावी. ती घट्ट आवळू नये, आणि सहज श्वास सोडल्यावर माप घ्यावे, पोट आत ओढून नव्हे. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा सांगितली जाते.

वजन न हलताही फायदा होतो, याचा पुरावाही भारतातलाच आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील मधुमेह प्रतिबंध अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्ती होत्या. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत केवळ नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, तर आहार आणि व्यायामात बदल केलेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. आणि या दुसऱ्या गटाचे सरासरी वजन फारसे उतरलेलेही नव्हते. काटा रुसून बसलेल्या महिन्यात चालणे चालू ठेवायला याहून चांगले कारण शोधण्याची गरज नाही.

घरातली माणसे आणि पुढचा खंड

‘घे गं, सणाचे आहे, एवढ्याने काय होते’ या आग्रहाला तत्त्वज्ञानाने उत्तर देऊ नये; त्याने वाद वाढतो आणि ताटात लाडू पडतोच. ‘अर्धा द्या, बाकीचा घरी घेऊन जाते’ असे म्हणण्याने आग्रह करणाऱ्याचा मानही राहतो. आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. सणाच्या दिवसांत सर्वांत आधी बुडते ते घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईचे चालणे, आणि नंतर तिलाच ‘तुझ्याच्याने नियम होत नाही’ असे ऐकवले जाते. तिच्या अर्ध्या तासासाठी भाजी चिरणे, ओटा आवरणे, मुलांचा डबा ही कामे दुसऱ्या कोणी उचलली नाहीत, तर प्रेरणेची कितीही भाषणे व्यर्थ आहेत.

पुढचा खंड येण्याआधी दिनदर्शिका घेऊन पाहुणे, प्रवास, परीक्षा आणि सण यांच्या दिवसांवर खूण करावी, आणि त्या दिवसांपुरता किमान नेम लिहून ठेवावा. तो लिहिताना ‘जमेल तसे चालेन’ असे मोघम लिहू नये. ‘गौरी जेवणाच्या दिवशी पाहुणे गेले की चप्पल घालून दहा मिनिटे खाली फिरून येईन’ असे प्रसंगाला बांधून लिहावे. फराळाचे डबे ओट्यावर न ठेवता वरच्या फळीवर ठेवावेत आणि खायचे तेवढे वाटीत काढून घ्यावे. सण संपल्यावरच्या पहिल्या व्यायामाची तारीख आणि वेळ सणाआधीच कोणाला तरी सांगून ठेवावी, शक्यतो सोबत चालायला येणाऱ्यालाच.

एवढे करूनही दोन-तीन महिने वजन वाढतच राहिले, फार थकवा आला, पाळी अनियमित झाली किंवा झोपेत जोराने घोरून दचकून जाग येऊ लागली, तर दोष इच्छाशक्तीला देण्याआधी डॉक्टरांकडे जावे. थायरॉइडचे विकार, पीसीओएस (स्त्रियांमधील बीजकोशांशी निगडित संप्रेरकांचा विकार), स्टेरॉइडसारखी औषधे आणि झोपेतील श्वासाचा अडथळा यांचा वजनाशी जवळचा संबंध आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर जेवण कमी करण्याआधी किंवा व्यायाम वाढवण्याआधीच औषधाच्या मात्रेबद्दल विचारून घ्यावे, आणि फिरायला जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावी.